गाडीतलं क्रॉस कनेक्शन

"तुमच्या गाडीत क्रॉस कनेक्शन आहे, जावईबापू," असं सासूबाई म्हणाल्या तेव्हा काटेसाहेब चौकात गाडी वळवत होते. गाडी त्यांनी नीट वळवली, पण त्यांचं मन मात्र तिथेच, पांढऱ्या पट्ट्यावर उभं राहिलं.

गाडी सहा वर्षांची होती आणि तिच्यावर एक ओरखडा नव्हता. दर रविवारी ते ती स्वतः धूत, आरसे जुन्या वर्तमानपत्राने पुसत आणि पंपवाल्याने चाकांत हवा भरली की आपल्या मीटरने ती पुन्हा मोजत. काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी तराजूचा काटा तपासता तपासता हे नाव त्यांना चिकटलं, आणि आता रागावल्यावर बायकोसुद्धा "अहो काटेसाहेब" अशीच हाक मारायची. अशा माणसाच्या गाडीत दोष काढणं म्हणजे शिंप्याला चारचौघांत त्याच्याच सदऱ्याचं बटण तुटल्याचं सांगण्यासारखं होतं.

झालं होतं असं. गाडीत रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. सासूबाई पुढे बसल्या होत्या. मागे काटेसाहेबांची बायको आणि तिचा थोरला भाऊ. सासूबाईंनी तीन वेळा विचारलं, "काय म्हणाला तो?" तिसऱ्या वेळी मागून मेहुण्याने सुस्कारा सोडला.

"बघितलंस?" तो बहिणीच्या कानाशी लागून म्हणाला. "आईला ऐकू येत नाही. परवा मी दारात उभा राहून चार वेळा बेल वाजवली."

"बेल मंगळवारपासून बंद आहे," सासूबाई समोर बघतच म्हणाल्या. "आणि तुझी कुजबुज मला ऐकू येतेय. ऐकू येत नाही ते फक्त ह्या गाडीतल्या माणसाचं. तो एकदा बोलतो आणि ही काच त्याच्या मागून तेच परत बोलते. दोघं एकदम बोलायला लागले तर मी कुणाचं ऐकू?" आणि मग त्यांनी ते क्रॉस कनेक्शनचं वाक्य टाकलं.

सासूबाईंनी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती. वादळात तारा लोंबकळत असताना, खरखरीच्या पलीकडून कुणी पुटपुटलेला नंबर त्यांनी पहिल्या फटक्यात टिपून घ्यायचा, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या नोकरीची एक शपथ होती: कानावर पडलं तरी ओठावर आणायचं नाही. त्यामुळे गावातल्या अर्ध्या लोकांची गुपितं त्यांना माहीत होती आणि त्यातलं एकही आजवर कुणाला कळलेलं नव्हतं. अशा बाईच्या कानांवर संशय घेतला जात होता.

संशयापुरतं असतं तर ठीक होतं. पण मेहुण्याचा बेत पक्का झाला होता. आई एकटी राहते, एकटी रस्ता ओलांडते, उद्या हॉर्न ऐकू आला नाही तर काय; तेव्हा तिचं घर बंद करायचं आणि तिला आपल्याकडे आणायचं. टेम्पोवाल्याला त्याने तीन आठवड्यांनंतरचा रविवार सांगूनही टाकला होता. मेहुणा वाईट माणूस नव्हता. तो काळजी करणारा होता, आणि काळजी करणाऱ्याला थांबवणं वाईट माणसाला थांबवण्यापेक्षा फार अवघड असतं.

"तुझ्या घरी मी पाहुणी होईन," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणीला कपाट मिळत नाही, कप्पा मिळतो." मग त्या काटेसाहेबांकडे वळल्या. "जावईबापू, दुकानदाराचा तराजू धरण्याआधी तुम्ही काय करता?"

"आमच्याजवळची वजनं ताडून घेतो," काटेसाहेब म्हणाले. "मुख्य कचेरीत मूळ वजन असतं, मखमलीच्या पेटीत. त्याला हातसुद्धा लावत नाहीत, चिमट्याने उचलतात. त्याच्याशी आमची वजनं जुळली, तरच दुकानात पाऊल ठेवायचं."

"मग माझे कान धरण्याआधी गाडी ताडून घ्या."

घाव वर्मी बसला. खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाने गाडी ताडायचं तिथल्या तिथे कबूल केलं. शेवटी असं ठरलं की त्या रविवारी मेहुण्याने वीस आकडे आपल्या फोनवर रेकॉर्ड करून आणायचे, ते गाडीच्या स्पीकरवर लावायचे आणि सासूबाईंनी लिहून काढायचे. जमलं तर टेम्पो रद्द. नाही जमलं तर सामान बांधायला त्या स्वतः सुतळी आणतील. तोवर गाडी सुधारायला काटेसाहेबांच्या हातात एकवीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीत काचा लावून बसले आणि त्यांनी एक टाळी वाजवली. टाळी वाजली, आणि तिच्या पाठोपाठ एक बारीक, पत्र्यासारखी किणकिण झाली. सहा वर्षांत ती त्यांनी कधी ऐकली नव्हती, कारण सहा वर्षांत त्यांनी गाडीत कधी टाळी वाजवली नव्हती. त्यांनी आणखी तीस-चाळीस टाळ्या वाजवल्या. पुढे, मागे, छताजवळ, पायाशी. बाहेरून पाहणाऱ्याला एक प्रौढ गृहस्थ बंद गाडीत एकटाच बसून स्वतःचं कौतुक करतोय, असं दिसत होतं.

पाहणारे होतेच. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काचेवर टकटक करून आत वाकले. निवृत्त झाल्यापासून ते फक्त सल्ला देत, आणि तो देताना पूर्वीसारखेच चष्म्यावरून बघत.

"आवाज घुमतोय? अंड्यांचे ट्रे लावा," ते म्हणाले. "माझ्या साडूच्या मुलाने गाण्याची खोली केली, सगळ्या भिंतींना ट्रे. मुंगी चालली तरी ऐकू येत नाही."

मुंगी तशीही ऐकू येत नाही, हे काटेसाहेबांच्या तेव्हा लक्षात आलं नाही. त्यांनी अंडीवाल्याकडून पुठ्ठ्याचे छत्तीस ट्रे आणले, मोजून कापले आणि दोन रविवारांमधला अख्खा आठवडा खर्चून छताला चिकटवले. खर्चून म्हणजे रजा काढून. अर्जावर कारण 'घरगुती काम' असं लिहिलं होतं. काम संपल्यावर टाळी वाजवली. किणकिण होती तशीच होती, फक्त आता तिला अंड्यांचा वास येत होता.

"पुठ्ठा काय आवाज गिळणार?" बायको म्हणाली. "त्याच्याने अंडीसुद्धा धड धरवत नाहीत."

ट्रेंची खरी कामगिरी पुढच्या मंगळवारी झाली. भर दुपारी सिग्नलला गाडी उभी होती. उन्हाने डिंक सुटला आणि पहिला ट्रे काटेसाहेबांच्या डोक्यावर टोपीसारखा बसला. मग दुसरा, मग एका ओळीत सगळे. त्यांनी दचकून शेजारी पाहिलं, तर लागून उभ्या असलेल्या गाडीत त्यांच्याच खात्याचे सहनियंत्रक. साहेबांनी नमस्कारासाठी हात उचलला होता; तो त्यांनी तसाच आपल्या केसांवरून फिरवून खाली घेतला. ह्या प्रसंगाची वाच्यता साहेबांनी ऑफिसात कधी केली नाही. काटेसाहेबांना त्याचंच जास्त लागलं.

घरी येऊन त्यांनी सगळे ट्रे रद्दीत टाकले. मग त्यांनी माळ्यावरून आपलं शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक काढलं. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे वाक्य त्यात होतं, आणि त्याखाली त्यांनीच पेन्सिलीने ओढलेली रेघही होती. प्रकाश जसा उलटून येतो, तसाच आवाजही येतो. मग सगळीकडे ट्रे डकवत कशाला बसायचं? आवाज ज्या जागेवरून उलटतो, तीच जागा शोधायची. आणि ती शोधायला आरसा पुरे. सासूबाईंच्या जागेवर बसायचं, कुणीतरी आरसा दारावर, खांबावर, छतावर सरकवत न्यायचा. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज कानावर उलटतो. इतकं सोपं.

आरसा बायकोचा होता, मुठीचा, मागे मोरपंखी रंगाचा. बायकोला वेळ नव्हता म्हणून काटेसाहेब एका हाताने आरसा धरून दुसऱ्या हाताने खुणा करू लागले. त्यासाठी मान वाकडी करावी लागे, कधी सीटवर गुडघे टेकावे लागत, कधी डोकं पायाशी न्यावं लागे. हे तीन संध्याकाळी चाललं. तिसऱ्या संध्याकाळी समोरच्या इमारतीतल्या दाताच्या डॉक्टरीणबाई बायकोला जिन्यात भेटल्या आणि हळूच म्हणाल्या, "ह्या वयात पुरुषांचं असं होतं. दिसण्याची काळजी वाटायला लागते. तुम्ही त्यांना अधूनमधून छान दिसता म्हणत जा."

बायकोने रात्रीच्या जेवणाआधी ते पाळलं. काटेसाहेबांना काही समजलं नाही, पण बरं वाटलं.

आरशाने काम मात्र चोख केलं. अकरा जागा सापडल्या. त्यातल्या मोठ्या तीन: डॅशबोर्डचा पाठीसारखा गुळगुळीत भाग, त्याच्यावरची तिरपी पुढची काच आणि दोन्ही बाजूंच्या काचा. आवाज दारातल्या स्पीकरमधून निघून डॅशबोर्डवर आपटत होता, तिथून पुढच्या काचेवर, आणि मग उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा कानात शिरत होता. सासूबाईंनी हे आरशाशिवाय ओळखलं होतं.

मऊ काहीतरी लावायला हवं होतं. सीट कव्हरवाल्याने नमदा सुचवला; लोकर दाबून केलेलं ते जाड कापड त्याच्याकडे राखी रंगात होतं. तोपर्यंत तात्पुरता प्रयोग म्हणून काटेसाहेबांनी डॅशबोर्डवर घरची गोधडी पसरली, बाजूच्या काचांना चादरी लावल्या आणि आवारात एक फेरी मारून बघावं म्हणून निघाले. आवारात वळायला जागा नव्हती, म्हणून रस्त्यावर आले. रस्त्यावर हवालदार होता.

"आत कुणी आजारी आहे?" हवालदाराने विचारलं.

"नाही. आवाज शोषतोय."

हवालदाराने गाडीकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं, मग काटेसाहेबांकडे. "कुणाचा?"

काटेसाहेबांनी त्याला आपाती कोन समजावून सांगितला. हवालदाराने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, हे त्याच्या सभ्यतेचं लक्षण. मग तो म्हणाला, "साहेब, काचा झाकायच्या नाहीत, एवढं मला माहीत आहे. आणि आतमध्ये काही कायमचं बसवणार असाल, तर वाहन कचेरीतून लिहून आणा. नाहीतर पुढच्या चौकात माझा भाऊबंद असतो, तो कोन ऐकून घेत नाही."

काटेसाहेब स्वतः सरकारी माणूस. नियम म्हटला की त्यांना भूक लागल्यासारखं व्हायचं. ते वाहन कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने 'वाहनातील बदल' असा अर्ज काढला आणि तो दोनदा उलटसुलट करून पाहिला.

"इंजिन बदल आहे, इंधन बदल आहे, आसन बदल आहे, रंग बदल आहे," तो म्हणाला. "आवाज बदल नाही."

"मग 'इतर'मध्ये लिहा."

"'इतर' हा रकाना आम्ही गेल्या वर्षी काढून टाकला. लोक त्यात काहीही लिहायला लागले होते." कारकुनाने विचार केला. "तुमचा तो नमदा कुठल्या रंगाचा?"

"राखी."

"आणि डॅशबोर्ड?"

"काळा."

"मग रंग बदल." त्याने खूण केली आणि सुटकेच्या चेहऱ्याने शिक्का उमटवला. काटेसाहेबांनी आयुष्यात हजारो शिक्के मारले होते. आपल्यावर मारला जाताना तो केवढा मोठा वाटतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. मंजुरीचं पत्र टपालाने येईल, तोवर पोचपावती दाखवा, असं कारकून म्हणाला.

इकडे सोसायटीच्या चिटणिसांची चिठ्ठी दारात सरकवलेली होती: 'वाहनतळावर वाहनात अंथरूण-पांघरूण घालून वास्तव्य करण्यास मनाई आहे. कौटुंबिक मतभेद घरातच मिटवावेत.' काटेसाहेबांनी ती दोनदा वाचली आणि बायकोला दाखवली. बायको हसता हसता खुर्चीवर बसली. त्यांनी चिठ्ठीतली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त करून ती परत पाठवली. अपमान गिळण्याची त्यांची ती पद्धत होती.

एकविसाव्या दिवसापर्यंत काम झालं. डॅशबोर्डवर शिवणीशिवणीने बसवलेला राखी नमदा. दारांच्या खांबांवर तोच. मागच्या काचेखालच्या फळीवर जाड गालिच्याचा तुकडा. टाळी वाजवली की ती वाजून तिथेच संपायची. फक्त बाजूच्या काचा राहिल्या होत्या. त्या झाकता येत नव्हत्या, आणि त्यांचं काय करायचं, हे पुस्तकात नव्हतं. शनिवारी झोपेतसुद्धा काटेसाहेबांच्या डोळ्यांसमोर दोन काचा होत्या.

रविवारी सकाळी मेहुणा आला. टेम्पोवाला बारा वाजता येणार होता, म्हणजे परीक्षेचा निकाल लागेपर्यंत तो अर्ध्या वाटेवर असणार होता. सासूबाई बसने, एकट्याच आल्या. त्यांनी पर्समधून तासलेली पेन्सिल आणि पुठ्ठ्याला चाप लावलेला कागद काढला. बँकवाले, चिटणीस आणि डॉक्टरीणबाई हवा खायला म्हणून आवारात उतरले होते. तशी त्या दिवशी हवा नव्हती.

"एक मिनिट," काटेसाहेब म्हणाले. "आईंबरोबर आपण दोघंही लिहायचं, दादा. तपासणी म्हटली की ताडून पाहायला दुसरा काटा लागतो."

"लिहीन की," मेहुणा म्हणाला. "आकडे मीच वाचलेत."

सासूबाई पुढे बसल्या, मेहुणा मागे, काटेसाहेब चालकाच्या जागी. काचा लावल्या. मेहुण्याने फोन जोडला. स्पीकरमधून त्याचा आवाज आला: "एकोणसत्तर, त्रेपन्न." मग थोडं थांबून, "एकोणसाठ, त्रेसष्ट." त्याने शोधून शोधून सगळे सारख्या तोंडवळ्याचे आकडे घेतले होते, आणि ते वाचले होते जवळजवळ मिशीतल्या मिशीत.

सासूबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "थांबव. आधीपेक्षा पुष्कळ बरं आहे, समोरची काच गप्प झाली. पण ही माझ्या कानाजवळची अजून बोलतेय. काच खाली घ्या, जावईबापू."

"आई, काच उघडली तर बाहेरचा गोंगाट येईल," मेहुणा म्हणाला.

"बाहेरचा आवाज बाहेरच्यासारखा येतो, तो मी बाजूला काढते. चौतीस वर्षं तेच केलंय. घरातलाच आवाज उलटून आला तर तो बाजूला काढता येत नाही."

काटेसाहेबांचं बोट काचेच्या बटणावर होतं आणि ते तिथेच थबकलं. उघडी खिडकी. आवाज तिच्यातून जातो आणि परत येतच नाही. जगातला कुठलाही नमदा, कुठलीही गोधडी उघड्या खिडकीइतका आवाज गिळू शकत नाही. एकवीस दिवस ते आरसा घेऊन लोटांगणं घालत होते, आणि सगळ्यात उत्तम वस्तू दारातच बसवलेली होती, बटणासकट. शिवाय सहा वर्षं, गाडीत बसल्या बसल्या सासूबाई म्हणायच्या, "काच जरा खाली घ्या." आणि सहा वर्षं ते म्हणत आले होते, "आई, एसी चालू आहे." सगळ्यांना वाटायचं सासूबाईंना उकडतं.

त्यांनी चारही काचा खाली घेतल्या.

आकडे पुन्हा पहिल्यापासून लागले. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, कुणीतरी वरच्या मजल्यावर बादली आपटली. सासूबाई मान किंचित तिरपी करून, एकदाही न थांबता लिहीत होत्या. चौदाव्या आकड्यानंतर त्यांची पेन्सिल जरा जास्त वेळ चालली, एवढंच काटेसाहेबांना दिसलं. विसावा आकडा झाला. त्यांनी खाली एक रेघ ओढली, जशी त्या पाळी संपल्यावर ओढत असतील, आणि मग कागदाचा तळचा पट्टा बोटांनी दाबून, पट्टीने फाडावा तसा सरळ फाडला. पट्टा त्यांनी घडी करून मुठीत ठेवला. कागद काटेसाहेबांच्या हातात दिला.

मूळ यादी मेहुण्याच्या खिशात होती. काटेसाहेबांनी ती गाडीच्या टपावर पसरून एकेक आकडा ताडला, दुकानात ताडतात तसा, बोट ठेवून. बँकवाले खांद्यावरून वाचत होते.

"आई, वीसपैकी वीस," ते म्हणाले. "मी एकोणीस." मग त्यांनी घसा साफ केला. "दादा, तेरा."

"माझाच आवाज," मेहुणा म्हणाला.

"तुझं तोंडात बोलणं लहानपणापासूनचं आहे," सासूबाई म्हणाल्या. "शाळेतल्या बाईंनीही सांगितलं होतं." आणि मुठीतली घडी त्यांनी त्याच्या हातात ठेवली. "हे तुझं."

मेहुण्याने पट्टा उलगडला. वाचला. त्याचे कान आधी लाल झाले, मग गाल, मग तो स्वतःच हसला. कितीतरी दिवसांनी तो काळजी न करता हसत होता. पट्टा त्याने पाकिटात, अगदी आतल्या कप्प्यात ठेवला आणि टेम्पोवाल्याला फोन लावून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

"चल आई, तुला घरी सोडतो."

"कुणाच्या?"

"तुझ्या," मेहुणा म्हणाला. "जाताना बेलचा सेल घेऊ."

सगळे पांगल्यावर काटेसाहेबांना राहवलं नाही. फोन मेहुणा घेऊन गेला होता, पण गाडीच्या यंत्रात रेकॉर्डिंगची नक्कल उतरलेली होती. तेवढी दूरदृष्टी निरीक्षकाला ठेवावीच लागते. त्यांनी काचा खाली घेतल्या आणि चौदावा आकडा पुन्हा लावला. आकड्याच्या मागे, बहुधा स्वयंपाकघराच्या दारातून, मेहुण्याच्या बायकोचा आवाज होता. फार बारीक, पण आता शब्द न् शब्द वेगळा: "अहो, इतकं पुटपुटताय कशाला? जमलं तर जमू दे. राहू द्या ना त्यांना त्यांच्या घरी."

काटेसाहेबांनी हे कुणालाही सांगितलं नाही. फक्त बायकोला सांगितलं. बायकोला सांगणं हे सांगण्यात धरत नाहीत.

महिन्याभराने वाहन कचेरीचं पत्र आलं: अर्जदारास आपल्या वाहनाचा रंग काळ्यावरून राखी करण्यास परवानगी देण्यात येत आहे. गाडी पांढरी होती. काटेसाहेबांनी पत्र फाइलला लावलं. त्याच रविवारी त्यांनी नमद्याच्या कोपऱ्यात, खात्यात तराजूवर मारतात तसा, एक छोटा शिक्का उठवला: तपासले, तारीख, पुढील तपासणी एक वर्षाने.

सासूबाई पुढे बसल्या, काच त्यांनी स्वतःच खाली घेतली आणि शिक्क्याकडे बघितलं. "गाडीला शिक्का मिळाला," त्या म्हणाल्या. "माझ्या कानांना नाही मारलात?"

"नाही आई," काटेसाहेब गाडी सुरू करत म्हणाले. "मूळ वजनाला शिक्का मारत नाहीत. त्याच्याशी बाकीची ताडून बघतात."

रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, आणि सासूबाई पहिल्या शब्दापासून ऐकत होत्या.